दोरीचं रफू

रफूकाकांना खरं नावही होतं, पण गल्लीत ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. काकू तर जन्मभर 'अहो'वरच भागवत आल्या. ठिणगीने जळलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून टरकलेली पँट, काहीही काकांकडे येई आणि असं होऊन परत जाई की मालकच भोक कुठे होतं ते शोधत बसे. काका चष्म्यावरून त्याची गंमत बघत आणि शेवटी हळूच विचारत, "सापडलं?" धंद्यातलं खरं सुख त्यांना या एका प्रश्नात होतं.

बाहेरच्या खोलीत, बाजूच्या खिडकीला गुडघे टेकतील इतक्या जवळ त्यांची बैठक होती. रफूचं अर्धं काम सुईचं आणि अर्धं डोळ्यांचं. कापडाच्या रंगाचा धागा निवडायचा तर आभाळाचा उजेड लागतो. दिव्याखाली गडद निळा आणि काळा सख्खे भाऊ वाटतात, आणि दारात गेलं की एकमेकांना ओळखत नाहीत. शेजारचं घर बैठं होतं, म्हणून त्याच्या कौलांवरून काकांच्या मांडीवर दिवसभर उजेड उतरायचा. सगळी गल्लीच बैठी होती. कुणी कुणाचा उजेड अडवत नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे असतात हेही कुणाला माहीत नव्हतं.

मग शेजारच्या आजी लेकीकडे राहायला गेल्या आणि ती जागा दातांच्या डॉक्टरांनी घेतली. माणूस गोडबोल्या. आल्या आल्या काकांना नमस्कार केला, काकूंची दाढ फुकट बघून दिली. आणि मग तीन मजली घराचा नकाशा पालिकेत दिला. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नुसतं घरच घर.

गल्लीत निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई राहत. त्या चवताळल्या. जुन्या वस्तीत शेजारच्या घरांपेक्षा उंच घर बांधू नये, असा नियम व्हावा म्हणून त्या पालिकेचे उंबरठे झिजवत होत्या. नियमाचा मसुदा तयारही झाला होता, फक्त बैठकीत मंजूर व्हायचा होता.

"तोवर डॉक्टरांची परवानगी लांबली की झालं," बाई काकांना म्हणाल्या. "नवा नियम लागला, की तिसरा मजलाच काय, दुसराही नाही."

"बाई, काहीतरी कराच," काका म्हणाले. "ही खिडकी गेली तर मी बसू कुठे?"

पालिकेची एक जुनी रीत होती. बांधणाऱ्याने आधी जागेच्या कोपऱ्यांवर घराच्या उंचीचे बांबू रोवायचे, वर चारी बाजूंनी दोरी ताणायची आणि पंधरवडाभर ती तशीच ठेवायची, म्हणजे शेजारपाजाऱ्यांना होणारं घर डोळ्यांनी दिसावं. बांबू उभे राहिले, दोरी ताणली गेली. काका खिडकीतून बघत. दोरीच्या खालून आभाळ पूर्वीसारखंच दिसे. यात घाबरण्यासारखं काय, हेच त्यांना काही केल्या कळेना.

पंधरवडा संपत आला तशी एका दुपारी जोराची वावटळ आली आणि दोरी तुटली. एक टोक नेमकं काकांच्या अंगणात येऊन लोंबायला लागलं. पीळ सुटलेला, तंतू पिंजारलेले. काका समोरचा कोट शिवत होते, पण नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाई. शेवटी त्यांना राहवेना. काठीने दुसरं टोक ओढून घेतलं, पायरीवर बसले, दोन्ही टोकांचे पेड उलगडले आणि एकात एक घालून वळत गेले. गाठ नाही, फुगवटा नाही.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, घर त्यांचं, दोरी त्यांची. तुम्हाला कुणी सांगितलंय?"

"फाटलेलं, तुटलेलं समोर असलं की बघवत नाही गं."

जागेवरच्या मजुराने दोरी वर ओढून घेतली आणि "मस्त जमलं, काका" म्हणाला. काका खूश झाले. आता काय सांगावं! माणसाचा हात इतका चांगला असू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भूगोलाच्या बाई पालिकेच्या साहेबांना घेऊन आल्या. दोरी तुटताना त्यांनी आपल्या गच्चीवरून पाहिलं होतं, आणि नियमाचं पुस्तक बाईंइतकं कुणी वाचलेलं नव्हतं. दोरी तुटली की सगळं पहिल्यापासून करायचं, पंधरवडा पुन्हा मोजायचा. तेवढ्यात बैठक होऊन गेली असती. डॉक्टरांचा ठेकेदारही येऊन उभा होता.

"कुठे तुटलीय, बाई?" साहेबांनी मान वर करून विचारलं.

बाई बघतच राहिल्या. या बांबूपासून त्या बांबूपर्यंत त्यांनी नजर फिरवली, पदराने चष्मा पुसला, पुन्हा फिरवली. काका खिडकीत होते. भोक शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो चेहरा पाहून सवयीने त्यांच्या ओठांवर "सापडलं?" आलंसुद्धा. तेवढ्यात बाईंचं बोलणं कानावर पडलं, "अहो साहेब, तुटली म्हणजे पंधरवडा नव्याने धरायला हवा!" आणि आपण काय करून बसलो ते काकांना कळलं.

ते तसेच अनवाणी बाहेर धावले. "तुटली होती, साहेब. मी जोडली. माझ्या या हातांनी जोडली."

"कुठे? दाखवा."

काकांनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्यांचं त्यांनाही सापडेना.

"खाली उतरवा, हाताला लगेच लागेल," ते अजीजीने म्हणाले.

"वा! आम्ही उतरवायची आणि मग तुम्ही म्हणायचं, बघा उतरली, आता मोजा पहिल्यापासून?" ठेकेदार म्हणाला.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, मला वर जे दिसतं तेच मी लिहिणार. दोरी अखंड आहे." आणि लिहून ते निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंचा नियम मंजूर झाला. गल्लीत टाळ्या वाजल्या. नियम यापुढच्या घरांना होता. डॉक्टरांच्या घराला त्याआधीच परवानगी मिळाली होती, ते मजल्यामजल्याने वर चढत राहिलं. बाईंनी काकांना एका शब्दाने दुखवलं नाही, उलट त्याच आठवड्यात आपली शाल रफूला आणून दिली. काकांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

खिडकीत आता राखाडी भिंत आणि सांडपाण्याचा पाइप दिसतो. डॉक्टर भला माणूस, त्याने काकांना लवचिक मानेचा भारी दिवा आणून दिला. "दिवसासारखा उजेड आहे याचा," म्हणाला. काका त्या दिव्याखाली बसतात. धागा घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात, रंग बघतात, परत येतात, आणि बसेपर्यंत त्यांच्या मनातून तो रंग निसटलेला असतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण हल्ली काका "सापडलं?" विचारत नाहीत.

मग डॉक्टरांचाच तपकिरी कोट आला. काकांनी जीव ओतून केला आणि स्वतः पोचवायला गेले. डॉक्टरांच्या बायकोने आग्रहाने वर नेलं, घर दाखवते म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरची खोली भर दुपारी अंधारी होती. भिंतभर खिडकी आणि तिच्यावर जाड पडदे.

"उजेडाने सोफ्याचं कापड विटतं हो, म्हणून ओढूनच ठेवते," ती म्हणाली. "थांबा, तुमचं काम बघू दे."

तिने पडदा सारला. काकांच्या खिडकीतला सगळा उजेड तिथे होता, होता तस्सा. कोटाच्या बाहीवर तो पडला, आणि तपकिरी कापडात रफूचा बोटभर लालसर डाग काकांना उठून दिसला. असलं काम त्यांनी शिकाऊ असतानाही कुणाच्या हातात दिलं नव्हतं. ते तोंड उघडणार, तोच ती कौतुकाने म्हणाली, "कमाल आहे बाई! कुठे फाटलं होतं ते सापडतसुद्धा नाही."

तिने पडदा पुन्हा ओढून घेतला, आणि मग तो डाग खरंच दिसेनासा झाला.