गाण्याआधीची दहीसाखर

“दूधवाल्याशीसुद्धा बोलत नाही ही, साऱ्या जगापुढे काय गाणार?” आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या स्टुडिओच्या दाराबाहेर आत्या आईला विचारत होती. आत माइकसमोर उभी राहून मी ते ऐकत होते. माझं पहिलंच गाणं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोचलं होतं आणि थोड्याच वेळात मला ते इथूनच, इंटरनेटवरून थेट गायचं होतं. तेवढ्यात आत्या दहीसाखर घेऊन आत आली. “शगुन आहे बेटा, आ कर.” थंड दह्याने माझा आवाज हमखास बसतो, पण मोठ्यांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. चमचा ओठांना टेकला. आजही दह्याचा तो आंबूस वास आला की त्या दिवशी अखेर फुटलेला माझा आवाज ऐकू येतो: “आत्या, आधी गाणं, मग दही.”