मोठ्या माशाला मोठा गळ

चिनू आणि ओवी,

मासे धरण्याविषयी मला सगळं ठाऊक आहे. फक्त मी अजून एकही मासा धरलेला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमचे आजोबा चार महिने खुर्चीतून हलेनात. डॉक्टर म्हणाले, चाला. आजोबा म्हणाले, "कुठं जाऊ?" शेवटी मी त्यांच्या गावच्या, हातकणंगल्याजवळच्या तळ्याचा विषय काढला. लहानपणी ते तिथं गळ टाकून बसत. खूप विनवल्यावर म्हणाले, "एकदा येतो. मासा न्हाय घावला, तर परत मला घराबाहेर काढायचं न्हाय!"

म्हणजे मासा मिळायलाच हवा होता! मी इंटरनेटवर वाचलं, वहीत तक्ता केला (तीन रंगांच्या पेनांनी) आणि दुकान गाठलं. मरळ मासा हातभर लांब, तेव्हा गळही तसाच दणकट हवा, असा माझा सरळ विचार.

"सगळ्यात मोठा गळ दाखवा."

दुकानदारानं आधी गळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काकू, मासा धरायचाय का मगर?"

"मरळ. जिवंत मासा लावून."

"मग बारका न्या की!"

"बारक्या गळात मोठा मासा कसा अडकेल?" मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं. (मी शिक्षिका कधीच नव्हते. आवाज मात्र आहे.) बिचाऱ्यानं मोठाच गळ बांधून दिला, पण पुडीत एक बारका गळ गुपचूप टाकलाच.

तळ्यावर आजोबा काठी टेकत आले आणि खुर्ची टाकून बसले. मी बोटाएवढा जिवंत मासा गळाला लावून पाण्यात सोडला. गळ माशाहून जड! दोघंही दगडासारखे तळाला गेले.

"मासा पवतोय का नांगर वढतोय?" आजोबा म्हणाले.

शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं मान हलवली. "पावणं, आमिषाच्या मापानं गळ घ्यायचा. आमिष पवलं पायजे, तवा मरळ येती! ह्या गळाला म्हस टांगा!"

आजोबांचा चेहरा उतरला. "चल घरी."

"एकदाच!" मी घाईघाईनं बारका गळ बांधला, नवा मासा लावला आणि सगळा जोर लावून गळाची काठी डोक्यावरून फिरवली. मागं काहीतरी अडलं. मी आणखी जोर लावला. गळ, मासा आणि माझं गंगावन, तिघंही तळ्यात! (माझे केस खरे नाहीत हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.)

ते काळं, झुबकेदार प्रकरण पाण्यावर तरंगतंय तोच खालून धप्पकन उसळी आली!

"मरळ! वढ, वढ की!" आजोबा ओरडले आणि टेकायची काठी टाकून चक्क धावत आले! आम्ही दोघांनी ओढलं. मरळ निसटली. हाती आलं ते अर्धं गंगावन.

आजोबा इतके हसले, की गवतावरच बसले.

"मासा मिळाला नाही," मी पुटपुटले. "ठरलं ते ठरलं."

"मिळाला न्हाय, पण आलता की! रविवारी परत यायचं!"

त्याला चार रविवार झाले. मासा अजून नाही, पण आजोबा रस्त्यापासून तळ्यापर्यंत काठीशिवाय चालतात. गळ निवडायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय. आमिषाची जबाबदारी मात्र अजून माझ्याकडेच आहे; तेव्हा दिवाळीला येताना तिकडून एक चांगलं गंगावन आणा. तरंगणारं!

तुमची आजी