काकांनी ठेवलेलं व्याख्यान

मी प्रकल्प व्यवस्थापक आहे, आणि तसं असल्याचं एक प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. परीक्षा देऊन मिळवलं, फ्रेम करून माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर लावलं. तेव्हा वाटलं होतं, झालं एकदाचं. पण हे प्रमाणपत्र दुधासारखं आहे, नुसतं ठेवलं की नासतं. दर तीन वर्षांनी ते देणाऱ्या संस्थेला दाखवून द्यावं लागतं की मधल्या काळात आपण शिकत राहिलो. त्याचे गुण मिळतात. एक तास शिकलं की एक गुण, असे साठ.

मी ऑनलाइन व्याख्यानं ऐकून एकोणसाठ गुण जमवले. ऐकून म्हणजे लावून. मधूनमधून पडद्यावर प्रश्न यायचा, 'तुम्ही आहात का?' मग बटण दाबून 'आहे' म्हणायचं. कांदा चिरता चिरता हे बटण मी कोपराने दाबलेलं आहे.

अडला तो साठावा. संस्थेने नवा नियम काढला होता की निदान एक गुण दुसऱ्यांना शिकवून मिळवायचा. समोर माणसं बसलेली हवीत, तास पुरा व्हायला हवा, आणि तो झाल्याचं आयोजकाने सही करून द्यायचं. ऑफिसात हे जमेना. तिथे सगळ्यांनाच साठावा गुण हवा होता, त्यामुळे बोलायला जो तो तयार आणि ऐकायला कुणी नाही. मुदत संपायला महिना राहिला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. आमच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या करारात लिहिलं होतं की प्रकल्पावर प्रमाणित माणूसच हवा. प्रमाणपत्र गेलं की मी त्या कामावरून जाणार आणि 'दुसरं काम मिळेपर्यंत' बसून राहणार. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काम मिळेपर्यंत बसवतात याचा अर्थ मला माहीत होता. मी घाबरलो होतो.

म्हणून मी गावी काकांकडे गेलो. गाव म्हणजे काही लांब नाही, रिक्षाने पश्चिमेला वीस मिनिटं, खाडीच्या बाजूला. काका वडिलांचे धाकटे भाऊ. केळीची वाडी सांभाळायची आणि गावच्या मंडळाचं सचिवपद, एवढे दोनच उद्योग त्यांनी जन्मभर केले. मी म्हटलं, मला एक तास बोलायला माणसं हवीत. काकांनी कशासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही. "रविवारी ठेवतो," म्हणाले.

रविवारी मंडळाचा हॉल भरून वाहत होता. मी क्षणभर सुखावलो. मग कळलं की काकांनी फळ्यावर 'प्रकल्प या विषयावर व्याख्यान' असं लिहिलं होतं. आमच्या पट्ट्यात प्रकल्प म्हणजे कुणाची तरी वाडी जाणार, एवढं लोकांना पक्कं ठाऊक आहे. निम्मी मंडळी सातबारा घेऊनच आली होती.

आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण मी प्रकल्प व्यवस्थापक असूनही ते विसरलो होतो. आधी दीपप्रज्वलन. समई पंख्याने विझायची, आणि उकाड्यापायी पंखा बंद करू द्यायला कुणी तयार नव्हतं. प्रमुख पाहुणे माणिकपूरच्या नाक्यावर अडकले होते, ते येईपर्यंत मुलींनी स्वागतगीत दोनदा म्हटलं. नंतर प्रास्ताविक. ते काकांनी केलं, आणि त्यात माझ्या जन्माच्या वेळी दाई कशी वेळेवर आली नाही इथपासून सगळं आलं. मग सत्कार. आमच्या गावात नारळाबरोबर वेलची केळ्यांची फणी देतात. माझा सत्कार झाला, पाहुण्यांचा झाला, अध्यक्षांचा झाला, आणि माणसं जमलीच आहेत तर म्हणून दहावी पास झालेल्या सगळ्या मुलांचा झाला. पुढे अध्यक्षांचं मनोगत. अध्यक्ष हे निवृत्त मास्तर. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची सवय त्यांची गेलेली नाही.

मला माईक मिळाला तेव्हा मागे बटाटेवडे तळल्याचा वास सुटला होता. मी सात मिनिटं बोललो. त्यात एका आजोबांनी उठून 'मोबदला कधी देनार?' असं विचारलं. आठव्या मिनिटाला आभारप्रदर्शन सुरू झालं.

घरी आल्यावर मी काकांपुढे कागद ठेवला. तीन तासांचा कार्यक्रम झाला होता, त्यातला एक माझ्या नावावर लिहिला तर कुणाचं काही जात नव्हतं. काकांनी चष्मा लावून कागद वाचून घेतला, काकींकडून पुन्हा वाचून घेतला आणि परत दिला.

"तू सात मिनटां बोललास," ते म्हणाले.

"काका, तुम्हीच चाळीस मिनिटं घेतलीत."

"घेतली ना. म्हनून काय खोटी सई करू? मंडळाच्या कागदावर आजवर केली नाय." मला राग आला होता, तो चेहऱ्यावर दिसला असणार. काका म्हणाले, "पुढल्या रविवारी परत ठेवतो. नुसता तुझा भाषन. हार नाय, वडे नाय, पावना नाय. एक तास म्हंजे एक तास. घड्याळ लावून मी समोर बसतो."

आणि ते खरंच घरोघर सांगत फिरले. पुतण्याचं भाषण आहे, एक तास आहे, मधून उठायचं नाही. काकी सांगतात, बुधवारी रात्री जेवतानाही ते हॉलच्या खुर्च्यांचंच बोलत होते. गुरुवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले.

मी रडलो नाही. मला वेळ नव्हता. चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, गोंधळून गेला होता, म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यापासून मांडवापर्यंत सगळं मी पाहिलं. व्यवस्थापन करणं मला येतं. आणि या सगळ्यात डोक्याच्या एका कोपऱ्यात साठावा गुण टकटक करत होता. दहावं शनिवारी होतं, मुदत रविवारी संपत होती. आता माझं प्रमाणपत्र जाणार हे मी धरूनच चाललो होतो.

दहाव्याला आम्ही गावच्या तळ्याकाठी जमलो. भटजींनी केळीच्या पानावर पिंड मांडले, आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. कावळा होता. विजेच्या तारेवर बसून आमच्याकडे पाहत होता. येत मात्र नव्हता.

मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. चुलतभाऊ म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. वाडी विकणार नाही. नाही. काकांना आवडायचा तसा, साखर जास्त घातलेला चहा कपात आणून ठेवला. कावळ्याने मान वळवली. अध्यक्ष पुढे झाले आणि मंडळाचं कार्य अविरत चालू राहील असं त्यांनी कावळ्याला सांगितलं. कावळा आणखी थोडा लांब सरकून बसला.

भटजींचं पुढचं दहावं आगाशीला होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढला. कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिववतात, त्यात वावगं काही नाही. पण काकी म्हणाल्या, "दर्भाचा नको." आणि माझ्याकडे वळल्या. "त्यांचा जीव तुझ्या भाषनात अडकलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन हात जोडले. "काका, मी भाषण देईन. शब्द देतो."

कावळा जागचा हलला नाही.

"शब्द काय देतोस," काकी म्हणाल्या. "भाषन दे."

मी असल्या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक कळते, प्रकल्प व्यवस्थापन कळत नाही. पण काकींच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणणं मला जमलं नाही. अध्यक्षांनी सवयीने घसा साफ केला आणि "आजचे वक्ते" अशी सुरुवातही केली, तेव्हा काकींनी हाताने त्यांना खाली बसवलं. माणसं तळ्याच्या पायऱ्यांवर बसली. चुलतभावाने मोबाइलवर घड्याळ लावलं, कारण वडिलांनी तास म्हटलं होतं.

मुंडण केलेला, अर्ध्या धोतरातला मी पिंडांच्या बाजूला उभा राहून बोलू लागलो. प्रकल्प म्हणजे ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे असं काम. त्यात कोणाकोणाचा संबंध येतो ते आधी ओळखावं, आणि त्यातला जो सगळ्यात नाराज आहे त्याच्याकडे आधी लक्ष द्यावं. हे बोलताना माझी नजर तारेकडे गेली. मग जोखीम कशी ओळखावी ते सांगितलं. पायऱ्यांवरून कुणी उठलं नाही. मोबदल्याचं कुणी विचारलं नाही. इतकं मन लावून मला ऑफिसातसुद्धा कधी कुणी ऐकलेलं नाही.

आणि वेळापत्रकाच्या मुद्द्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की हा तर कार्यक्रम आहे. समोर माणसं बसली आहेत. घड्याळ चालू आहे. तास पुरा झाला तर माझा साठावा गुण होतो.

त्यानंतर जे माझ्या मनात आलं ते लिहायला मला लाज वाटते. कावळ्याने इतक्यात येऊ नये असं मला वाटू लागलं. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून याच तळ्यात पोहायला आणलं, त्याच्या पिंडाला कावळा शिवू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, आणि तोंडाने खर्चाचा अंदाज कसा बांधावा ते सांगत होतो.

तास संपायला थोडाच वेळ उरला असताना कावळा तारेवरून उतरला आणि पिंडांपासून दोन हातांवर दगडावर येऊन बसला. पायऱ्यांवर कुजबुज झाली. भटजींनी पिशवी उचलली. मी तिथेच हात हलवत उभा होतो, आणि माझ्यामुळेच तो पुढे येत नव्हता हे कुणालाही कळलं असतं. मी बोलत राहिलो असतो तर मला कुणी अडवलं नसतं. त्यांना वाटलं असतं, काकांसाठी बोलतोय.

मी गप्प झालो. चार पावलं मागे सरलो आणि म्हटलं, "या काका. राहू दे तो गुण." आणि तेव्हा मला रडू आलं, दहा दिवसांचं सगळं एकदम.

कावळ्याने माझ्याकडे पाहिलं, पंख झटकले आणि तो पुन्हा तारेवर जाऊन बसला.

"अरे थांबलास कशाला?" पायऱ्यांवरून चारपाच आवाज एकदम आले. अध्यक्ष म्हणाले, "वेळ भरली नाही अजून." चुलतभावाने मोबाइल उंच धरून मला उरलेली मिनिटं दाखवली. भटजींनी पिशवी खाली ठेवली आणि आगाशीला फोन लावून सांगितलं की इकडे भाषण चालू आहे, उशीर होईल. पलीकडच्यांनी काय विचारलं माहीत नाही, पण भटजी म्हणाले, "नाही, नाही, दहाव्यालाच आलोय."

नाक पुसत मी उरलेलं बोललो. उरला होता तो शेवटचा धडा. काम संपल्यावर ते नीट बंद कसं करावं, कुणाला काय सोपवावं, ज्यांनी राबून दिलं त्यांना मोकळं कसं करावं. हे मी कित्येक वेळा ऐकलं होतं, कोपराने बटण दाबत. त्या दिवशी मला एकेक वाक्य थांबून थांबून बोलावं लागलं. घड्याळ वाजलं. मी म्हटलं, "काका, झालं."

कावळा सरळ खाली आला आणि मधल्या पिंडाला चोच लावून गेला. कुणी म्हणेल, मी हात खाली घेतले म्हणून आला. मीसुद्धा तसंच म्हणतो.

संध्याकाळी चुलतभावाने मंडळाच्या वतीने सही केली. आयोजक म्हणून मी काकांचंच नाव लिहिलं, कारण व्याख्यान त्यांनी ठेवलं होतं, आणि फोन नंबरही त्यांचाच दिला. दुसरा नंबर मला तोंडपाठ नव्हता. कागद रविवारी गेला. संस्था एखाददुसरा अर्ज तपासायला काढते, त्यात नेमका माझा निघाला.

फोन आला तेव्हा मी गावीच होतो, काकींच्या ओटीवर चहा पीत. काकांचा फोन काकी अजून चार्ज करून ठेवतात, मंडळाची माणसं त्याच्यावरच करतात म्हणून. पलीकडे एक मुलगी होती, हिंदीत बोलत होती. मी हात पुढे केला, पण काकींनी फोन दिला नाही. मुलीने विचारलं, आयोजकांशी बोलता येईल का.

"वो अबी नय हय," काकी म्हणाल्या. "मेरेको बोलो."

व्याख्यान झालं का? झालं. पूर्ण एक तास? पूर्ण. मुलगी बहुधा समोरचे प्रश्न वाचून दाखवत होती. तिने विचारलं, आयोजक स्वतः शेवटपर्यंत हजर होते का?

काकींनी पदर सारखा केला. "होते ना," मराठीतच म्हणाल्या, आणि तिला कळावं म्हणून पुन्हा सांगितलं, "पूरा भाषन सुना. खतम हुआ, फिर गये."

मुलीने धन्यवाद म्हणून फोन ठेवला. काकींनी तो परत चार्जिंगला लावला.