मोकळा ठेवलेला हात

शिंपीणबाई कुणाला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. माप देताना श्वास रोखणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या तोंडावर सांगायच्या, पोट आत ओढू नका, कपडा दिवसभर घालायचाय. पण पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन म्हटल्यावर याच बाईंनी हातपाय गाळले. डॉक्टर म्हणाले, आता टाळाल तर जिवावर बेतेल. तरी नाही म्हणजे नाहीच.

कारण जुनं होतं. धाकटीच्या बाळंतपणात पोट उघडलं, तेव्हा बाई जाग्या होत्या. सुरी कळत होती, नर्सच्या गप्पा कळत होत्या, आणि ओरडायला जीभ हलत नव्हती. पापणीसुद्धा उचलत नव्हती. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, भुलीत माणूस काहीही बघतो. जाऊ म्हणाली, राईचा पर्वत करते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याला काय! शेवटी बाईंनी तो विषयच सोडला.

या वेळचे भूलतज्ज्ञ वयस्कर, सावकाश बोलणारे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये न बोलता. नवरा तिथेच उभा होता. मग त्यांनी समजावलं. शिरेतून एक औषध झोपवायला देतात, दुसरं अंग ढिलं पाडायला. पहिलं कमी पडलं आणि दुसरं चढलं, की माणूस जागा राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

"ते स्वप्न नव्हतं, बाई. तुम्ही जाग्या होतात. चूक आमच्या लोकांची होती."

बाई ढसाढसा रडल्या, आणि मग ऑपरेशनला हो म्हणाल्या. नवऱ्याची मान खाली गेली.

ऑपरेशनच्या टेबलावर भुलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या दंडाला पट्टा आवळला. अंग ढिलं करणारं औषध या हातात उतरणार नाही, म्हणाले. जाग आलीच तर माझी बोटं दाबा. मग डाव्या हातातल्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध सोडलं. शिरेत चुरचुरलं, आणि बाईंचा डोळा लागला.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हात धरूनच होतो, बोटं एकदाही हलली नाहीत.

संध्याकाळी नवरा खाटेशी येऊन बसला. बराच वेळ नुसतं पांघरूण सारखं करत राहिला.

"तेव्हाच तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला.

बाईंना खूप सुनावायचं होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पट्ट्याने ठणकणारा दंड पुढे केला.

"चोळा जरा."