तुळशीपाशी मीठ

सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतले ते गुडघे धरूनच. साहेबांच्या बंगल्यात त्यांनी आंघोळीचा टब पाहिला होता; गुडघे शेकायला तसाच हवा होता. सत्तरच्या दशकात रहिमतपुरात तसला टब कुठला? त्यांनी न्हाणीत गवंड्याकडून सिमेंटचा बांधून घेतला आणि पाणी तापवायला विजेचा मोठा रॉड आणला.

वायरमनने नियम सांगितले. वायर वेगळी हवी, बटण न्हाणीबाहेर हवं, आणि ते बंद केल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही. अर्थिंग पक्कं हवं: ओल्या जागेत खोल खड्डा, त्यात मीठ नि कोळसा, म्हणजे फुटलेली वीज माणसात न शिरता जमिनीत जाते. अंगणात बारमाही ओली जागा एकच होती, तुळशीपाशी.

"तुळशीच्या मुळाशी मीठ? मी जित्ती हाय तवर न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

मग खड्डा, मीठ काहीच न करता अर्थिंगची वायर तिथेच वीतभर मातीत खोचली. वीज कचेरीचा माणूस आला, वायर जमिनीत गेलेली बघितली, चहा प्याला, सही करून गेला.

बटण सोप्यात बसवलं. तिथे पुरुषांची बैठक, सुनेनं जायचं नाही. पाणी तापलं का हे मात्र सुनेनंच हात घालून बघायचं. मी "तापलं" म्हटलं की सासरे बटण बंद करून टबात उतरत. नियम त्यांच्यापुरता चोख पाळला जाई.

"आत्याबाई, पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत्यात."

"माहेरी चुलीवरचंच पाणी बघितलंयस. विजेचं असंच असतंय."

"आमी रोज बसतोय की," सासरे हसले. "आमाला कसं लागत न्हाई?"

एके सकाळी झटक्याने मी भिंतीवर आदळले. दुपारपर्यंत हाताला भाकरी थापता आली नाही. "लय नाजूक बाई," एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांदेखत सोप्याच्या दारात उभी राहिले.

"मामंजी, पाणी तुमीच बघा. मी हात घालणार न्हाई."

चारचौघांत माघार कशी घेणार? ते बटण चालू ठेवूनच तरातरा न्हाणीत गेले, दोन बोटं बुडवली आणि असे ओरडले की पाहुणे उठून उभे राहिले.

दुपारच्या आत तुळस परसात हलली. खड्ड्यासाठी मीठ सासूबाईंनीच काढून दिलं. "तुळस काय, कुठंबी जगती," म्हणाल्या. माझा हात कसा आहे हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी सोप्यातून हाक आली, "सूनबाई, पाणी बघा."

"आधी बटण बंद करा," मी आतूनच ओरडले.