लिस्त्यानीचं मूळ प्रमाणपत्र

आमच्या केदिरी गावात दुकानात नोकरीला लागायचं म्हणजे आधी बारावीचं मूळ प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात जातं. नक्कल चालत नाही. मालक म्हणतो, सांभाळून ठेवतो. पोरंही मुकाट देतात, कारण पुढचा मालक मूळ बघितल्याशिवाय दारात उभं करत नाही हे कळेपर्यंत कपाटाला कुलूप लागलेलं असतं.

लिस्त्यानीनंही दिलं. माझ्या शेजारच्या तुमिरा शिंपिणीची ही थोरली पोरगी. बाप गेल्यावर आईच्या मशीनशेजारी बसून अभ्यास केला आणि स्वयंपाकाचा कोर्स घेऊन बारावी झाली. आवाज असा, की गाडीवाल्याकडून टोफू घ्यायला लागली तर अख्ख्या गल्लीला भाव कळायचा. त्या आवाजावरच हाज्जा मुर्नींनी तिला दुकानात घेतलं.

मुर्नींचं दुकान बसस्टँडजवळ. पिवळा टोफू, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला उकडलेल्या केळ्यांचा गेटुक. गावी जाणारा माणूस तो घेतल्याशिवाय बसमध्ये चढत नाही. हल्ली अर्धी विक्री फोनवर. लिस्त्यानी फोनच्या दिव्यासमोर उभी राहायची आणि लाइव्हवर ओरडायची, "चला गं बायांनो, आज सकाळचा, अजून वाफ येतेय!" लोक तिच्या बोलण्यावर हसायचे आणि हसता हसता डबे मागवायचे.

ईदनंतर गिऱ्हाईक आटलं आणि डबे पडून राहायला लागले. गेटुक दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, हे आमच्याकडच्या लेकरालाही ठाऊक. मुर्नींच्या भाच्यानं जुन्या तारखा पुसून नव्या मारायला लावल्या. एका सकाळी कपडे वाळत घालताना लिस्त्यानीनं कुंपणापलीकडून मला हाक मारली, थोरल्या बाईला 'बू' म्हणतात तशी, "बू, गेटुकला आंबूस वास येतोय, आणि मी 'आज सकाळचा' म्हणतेय."

"मुर्नींना सांग की. हज करून आलेली बाई आहे, ऐकेल."

तिनं सांगितलं. मुर्नी म्हणाल्या, "तुला तोंडासाठी ठेवलंय, नाकासाठी नाही."

त्याच दुपारी मी शेंगदाणे वाटताना फोन बरणीला टेकवून तिचं लाइव्ह बघत होते. तिनं डबा उचलला, तोंड उघडलं आणि थांबली. पान सोडलं, वास घेतला. "बायांनो, हा आजचा नाही. तारीख आजची आहे, माल जुना. घेऊ नका. आणि बू मुर्नी, उद्यापासून मी कामाला येत नाही. माझं प्रमाणपत्र तेवढं द्या." मग पडद्यावर भाच्याचा तळहात आला आणि सगळं काळं झालं.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा गावभर फिरत होता. मुर्नींनी काय करावं? गेटुकबद्दल अवाक्षर नाही. दुकानमालकांच्या ग्रुपवर लिस्त्यानीचा फोटो टाकला: या मुलीला कोणी ठेवू नका, मालकाच्या अन्नाला जागत नाही. अन्न म्हणे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत घसा फोडून कमावलेला भात होता तो. खैरात नव्हती.

मग भाचा तुमिराच्या ओट्यावर आला. हातात लिहून आणलेला कागद, खाली सहीसाठी मुद्रांकाचं तिकीट चिकटवलेलं. "हे कॅमेऱ्यासमोर वाचायचं. मी खोटं बोलले, मालकांची माफी मागते. मग प्रमाणपत्र मिळेल. नाहीतर बदनामीचा खटला."

पोरीला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून बोलावणं आलं होतं. सोमवारी मूळ प्रमाणपत्र दाखवलं तर काम, नाहीतर नाही. तुमिरा रडकुंडीला आली. "वाच गं बाई एकदाचं. चार ओळी वाचून जीभ झिजते का?"

"आई, मी खोटं बोलले असं खोटं कसं बोलू?"

शेवटी आईसाठी ती कॅमेऱ्यासमोर बसली. म्हणाली, "गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला, त्याची माफी मागते. गेटुक जुना होता." आणि उठली.

"अर्धंच वाचलंस!" भाचा ओरडला.

"खरं होतं तेवढं वाचलं."

प्रमाणपत्र अर्थातच आलं नाही.

त्या गुरुवारी बायकांचं कुराणातल्या यासीनचं पठण माझ्या घरी होतं. मुर्नी नेहमीसारख्या पुढच्या चटईवर. पठण संपल्यावर वाटायला त्यांच्या ड्रायव्हरनं त्यांच्याच दुकानातल्या खाऊच्या डब्यांची चळत दारात लावून ठेवलेली. दुआ झाली आणि कोणीतरी लिस्त्यानीचा विषय काढला. मुर्नी छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी तिला माफ केलंय हो. आपण सबर करायची. प्रमाणपत्र माझ्याकडे अगदी सुरक्षित आहे."

माझं डोकं तडकलं. जिनं छळलं तीच माफ करते, आणि वर सबरचे धडे आम्हाला!

"बू मुर्नी," मी म्हटलं, "विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. मागितली की द्यायची. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"घरी बोलावून अपमान करता?"

"अल्लाचं ऐकायला बोलावलंय. तेच ऐकवतेय."

डबे वाटायचं काम यजमानिणीचं. मी जागची हलले नाही. मग सुकार्ती आजी उठल्या. या दर गुरुवारी दोन डबे नेतात, एक नातीला म्हणून. चळतीला वळसा घालून त्या चपला शोधायला लागल्या.

"आजी, डबा घ्या ना," मुर्नी म्हणाल्या.

"नको गं बाई. तारीख वाचायला चष्मा नाही आणला."

ओढणीत तोंड लपवून बायका हसल्या, आणि एकेक करून रिकाम्या हातांनी गेल्या. अख्खी चळत मुर्नींना परत न्यावी लागली.

शुक्रवारच्या नमाजनंतर ड्रायव्हरनं तुमिराच्या कुंपणावरून एक पिशवी टाकली. आत प्रमाणपत्र. चार घड्या घातलेलं, आणि घडी नेमकी फोटोतल्या तोंडावरून गेलेली. ज्या कपाटात इतकं सुरक्षित होतं, तिथं घडी कुठून आली? ना शब्द, ना सलाम.

सोमवारी मी तिला स्कूटरवरून इस्पितळात नेलं. तिथल्या बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "त्या व्हिडिओतली तूच ना?"

"हो."

"आमच्याकडे कामावर फोन चालत नाही."

"मला चूल हवीय, फोन नको."

बाई हसल्या. प्रमाणपत्र वाचलं, आणि खण उघडला. "हे इथं राहील."

लिस्त्यानीची दोन बोटं प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावर आली. "बघा, नक्कल काढा. मूळ माझ्याबरोबर घरी जाईल."

"सगळेच ठेवतात."

"मीही दिलं होतं ठेवायला, एकदा."

बाईंनी हलकेच ओढून पाहिलं. बोटं सुटली नाहीत. मी मनात आयत म्हणत होते. शेवटी बाईंनी कागद सोडला आणि खण तसाच लावला. "नक्कल काढून आण. बुधवारी पहाटे ये."

परत येताना बसस्टँडवर गाडी हळू केली. मुर्नींच्या दुकानात दिव्यासमोर नवी पोरगी उभी होती, लिस्त्यानीहून लहान. "आज सकाळचा," ती चाचरत म्हणत होती. तिचंही प्रमाणपत्र त्याच कपाटात असणार.

"बू, थांबवा."

मी थांबवली. लिस्त्यानी मागच्या सीटवर उभी राहिली आणि अख्खा स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडली, "अगं ए, बोलायच्या आधी वास घे!"