अण्णांच्या स्कूटरचं पेट्रोल

अण्णा गेले, त्यांची स्कूटर पडवीत उभी राहिली आणि आईचं माहेरी जाणं थांबलं. माहेर लोणावळ्याजवळ औंढ्याला, आम्ही सोमाटण्यात. अंतर काही फार नाही, पण आईला मोटार लागते. काच उघडा, आल्याचा तुकडा चघळायला द्या, वडगाव येईपर्यंत बाई गळाठलेली असते. एसटीतही तीच गत. अण्णांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली की मात्र थेट लोणावळ्यापर्यंत गप्पा मारत जायची. म्हणून स्कूटर चालू करायचं मीच मनावर घेतलं.

अण्णांचं शास्त्र साधं होतं. पेट्रोल भरलं की त्यात मापाने ऑइल ओतायचं, झाकण लावायचं आणि हँडल धरून अख्खी गाडी डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे दोन्ही नीट मिसळतात. पंपावर मागे रांग लागली तरी यांना घाई नाही. मी लाजून दुसरीकडे बघायचे. आज कुणी तसं करताना दिसलं, तर थांबून डोळे भरून बघेन.

आता पंपावर विचारतात, साधं की प्रीमियम? शिवाय त्यात इथेनॉल, ते जुन्या रबराला मानवत नाही. माझा स्वभाव असा, की करायचं ते अंमळ जास्तच करायचं. प्रीमियम भरलं आणि वर इंजिन साफ करणाऱ्या औषधाची अख्खी बाटली रिकामी केली. थोड्याने साफ होतं, तर सगळ्याने चकाचक होईल, हा आपला हिशोब. झालं उलटंच. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सुटला आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसला. स्कूटर कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. ढकलत परत आणली, तेव्हा आई पिशवी घेऊन दारात उभी होती.

"ऱ्हाऊ दे. माज्या नशिबात न्हाई आता तितं जानं," ती म्हणाली आणि आत गेली. मला रडू आलं.

मग टाकी उतरवून धुऊन घेतली, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची नळी बदलली. साधं पेट्रोल, मापात ऑइल, बास. येतोय म्हणून औंढ्याला कळवलं. पुष्कळ किका खाऊन इंजिन एकदाचं सुरू झालं आणि पडवीभर निळा धूर झाला.

आई येऊन त्या धुरातच उभी राहिली.

"नाकात जाईल, बाजूला हो," मी म्हटलं.

"जाऊ दे. ह्यांच्या सदऱ्याला ह्योच वास यायचा. कपाटातल्या सदऱ्यांचा कवाच गेला. आता नुसता साबनाचा येतो."

"मग, निघायचं ना?"

"जाऊ की. जरा हितंच चालू ऱ्हाऊ दे."

औंढ्याला सगळे जेवायचे थांबले होते. तरी मी गाडी तशीच चालू ठेवली.